पिप्यातलं तेल गेलं कुठं?

वरूडहून आम्ही बोलतो आहोत. हातातलं काम सोडू नका, भाजी निवडता निवडता ऐका. फक्त स्वयंपाकघरातली तेलाची बरणी जरा नजरेसमोर असू द्या, कारण आजची गोष्ट तिचीच आहे.

ही गोष्ट आमच्या गटातल्या एका मावशींपासून सुरू होते. मावशींचं नाव सांगत नाही, शाळेचंही सांगत नाही. मावशी शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवतात. पहिली ते पाचवीची १२० मुलं जेवतात. सरकारनं प्रमाण ठरवून दिलेलं आहे. पाचवीपर्यंतच्या एका मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला तेल साडेसात ग्रॅम. म्हणजे १२० मुलांना रोजचं तेल झालं ६०० ग्रॅम.

मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, पण मापाला पक्क्या. काम मिळालं त्याच दिवशी आम्ही तिघीजणी त्यांच्यासोबत किराणा दुकानात गेलो. काट्यावर स्टीलच्या डब्यात ६०० ग्रॅम तेल तोलून घेतलं आणि तेल जिथपर्यंत आलं तिथं डब्याच्या आतून खिळ्यानं रेघ ओढली. तेव्हापासून मावशी रोज रेघेपर्यंत तेल घेत, एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही.

एका महिन्यात शाळेत तेलाचा नवा पिपा उतरला. रजिस्टरमध्ये नोंद झाली, ‘तेल १५’. नुसतं पंधरा. पंधरा काय, ते कोणी लिहिलं नाही. पुढं हिशेब तपासणाऱ्यानं ते पंधरा किलो धरलं. १५ किलोला रोजचे ६०० ग्रॅम, म्हणजे पिपा बरोबर २५ दिवस पुरायला पाहिजे. पण तेविसाव्या दिवशी पिपा पालथा केला तर डब्यातली रेघसुद्धा भरेना. त्या दिवशी उणं पडलेलं तेल मावशींनी आपल्या घरून आणून भाजी फोडणीला टाकली. पुढचे दोन दिवस तेल नाही.

मग चार लोकांसमोर त्यांना विचारलं गेलं, “तेल गेलं कुठं?”

विचारणाऱ्यानं चोर हा शब्द काढला नाही. पण बायांनो, असे शब्द न बोलताही ऐकू येतात. मावशी त्या संध्याकाळी गटाच्या बैठकीला आल्या आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “माय वं, म्या एक थेंब घरी नेला नाई. उलटं घरचं आनून टाकलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. रिकामा पिपा कोपऱ्यात पडला होता. फडक्यानं पुसून त्यावरची छपाई वाचली. मोठ्या अक्षरात ‘१५ लिटर’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘१३.६५ किलो’.

म्हणजे पिप्यात १५ किलो तेल कधी नव्हतंच! १३ किलो ६५० ग्रॅम होतं. त्यातून बावीस दिवस ६०० ग्रॅमप्रमाणे काढले की १३ किलो २०० ग्रॅम होतात. उरलं ४५० ग्रॅम. तेविसाव्या दिवशी १५० ग्रॅम कमी पडलं, आणि तेवढंच मावशींनी घरून आणलं होतं. थेंबाचाही फरक नाही.

कोडं सुटलं, पण आमचीच मान खाली गेली. पिपे आम्हीही आणतो. दिवाळीच्या फराळाला आणतो, लग्नाला आणतो, गटाच्या पापड-शेवयांच्या कामाला आणतो. ती बारीक अक्षरं आम्ही तरी कधी वाचली होती? “किलो काय नि लिटर काय, एकच की,” असं आम्हीच कितीदा म्हटलं होतं. मग बैठकीत प्रश्न निघाला की एकाच तेलाला ही दोन मापं आली कुठून? आणि ती एकच आहेत असं आपल्या डोक्यात कोणी भरवलं? त्याचा शोध घेता घेता आम्ही पार आज्या-पणज्यांच्या काळात जाऊन पोचलो. तेच आज सांगायचं आहे.

आपल्या आज्यांच्या तोंडी माप एकच, शेर. ज्वारी शेरभर, दूध शेरभर, तेल पावशेर. आता नीट बघा, यातच गोम आहे. शेर हे वजनाचंही नाव होतं आणि मापाचंही. तराजूत टाकायचा तो लोखंडी शेर वेगळा, आणि धान्य भरून ओतायचा तो शेर वेगळा. धान्याच्या मापात दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. तोलायच्या शेराचे तुकडे वेगळे होते, अर्धा शेर, पावशेर, नवटाक, छटाक. नवटाक म्हणजे नऊ टाक. बहात्तर टाकांचा शेर, म्हणून नवटाक हा शेराचा आठवा हिस्सा. छटाक हा सोळावा. आजही आपण ‘छटाकभर पोरगं’ म्हणतो ते तिथून आलं.

धान्याचं एक बरं असतं, ते मापानं घ्या की वजनानं, डोळ्याला दिसतं. तेलाचं तसं नाही. तेल भांड्याचा आकार घेतं, काठाला चिकटतं, मापाच्या तळाशी राहतं. पावशेर तेल म्हणजे तराजूतलं पावशेर की मापातलं पावशेर, हे घेणारीनं विचारलं नाही तर देणारा आपल्या सोयीनं ठरवणार. त्यात पुन्हा कच्चा शेर आणि पक्का शेर असा भेद. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेल याची खात्री नाही.

मग खरा शेर कोणता? त्याचं उत्तर एकेकाळी कनवटीलाच असायचं. इंग्रज कंपनीनं १८३३ मध्ये ठरवलं की तोळा म्हणजे एका चांदीच्या रुपयाचं वजन, त्यांच्या हिशेबात १८० ग्रेन, आजचे साधारण ११.६६ ग्रॅम. असे ८० तोळे म्हणजे पक्का शेर आणि ४० शेर म्हणजे मण. शंका आली तर तराजूच्या एका पारड्यात ऐंशी रुपये टाका, की शेर झाला. अर्थात शेराची खात्री करायला घरात ऐंशी रुपये असायला हवेत! गरिबाच्या घरी कुठून असणार? त्यामुळं गरिबाला दुकानदाराच्या मापावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आपला वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाचा. त्या साली तो इंग्रजांच्या कारभारात गेला आणि इथला कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. तिथं कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे साधारण ३५६ किलोची. रुईचा भाव आजही ३५६ किलोच्या खंडीवरच बोलला जातो. माप एकदा बाजारात रुजलं की कायदे बदलले तरी ते उठत नाही, हे यावरून समजा.

आता एक गंमत ऐका. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये मोजमापाचा एक कायदा केला. त्यात लिहिलं की हिंदुस्थानचं वजन ‘शेर’ असेल आणि तो फ्रान्सच्या किलोग्रॅमइतका असेल. म्हणजे आपल्याकडं किलो कागदावर आला तो दीडशे वर्षांपूर्वी, आणि तोही शेर हे नाव घेऊन! पुढं असंही लिहिलं की ज्या भांड्यात एक शेर पाणी मावेल ते भांडं म्हणजे पातळ पदार्थाचं माप. हा कायदा अमलात आलाच नाही, कागदावरच राहिला. पण त्यातलं ते पाण्याचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्या मावशींच्या पिप्याचं रहस्य त्यातच आहे.

किलो आणि लिटर ही दोन्ही मापं फ्रान्सची. तिथं १७९५ मध्ये ठरलं की दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि दहा उंच अशा डब्यात मावेल ते एक लिटर. आणि त्यात मावणाऱ्या पाण्याचं वजन ते एक किलो. म्हणजे लिटर आणि किलो ही जुळी भावंडं आहेत खरी, पण फक्त पाण्यापुरती! दूध पाण्याहून थोडं जड असतं, म्हणून लिटरभर दूध किलोहून थोडं जास्त भरतं. तेल पाण्याहून हलकं. म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. वरणावरचा तेलाचा तवंग आपण रोज बघतो. हलकी वस्तू आहे, मग त्याच भांड्यात तिचं वजन कमी भरणारच. लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम.

बघा, ज्ञान कढईतच होतं. तवंग वर का येतो हे आपल्याला माहीत होतं, पण त्याचा पिप्याशी संबंध आपण लावला नव्हता.

पुढं १९३९ मध्ये ८० तोळ्यांचा शेर देशभराच्या कायद्यात आला. पण तो कायदा फक्त वजनांचा होता, मापांना त्यानं हात लावला नाही. खरी उलथापालथ झाली स्वातंत्र्यानंतर. २८ डिसेंबर १९५६ ला वजनमापांचा नवा कायदा मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं बाजारात यायला लागले. १९६२ पर्यंत ते देशभर सक्तीचे झाले.

त्या काळातल्या वरूडच्या एका बाईचा विचार करा. ती आपल्या घरातून कुठं हलली नाही. पण १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया गेला आणि शंभर नव्या पैशांचा आला. दीड वर्षानं शेर जायला लागला आणि किलो आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. चार वर्षांत त्या बाईचं राज्य दोनदा बदललं, पैसा बदलला आणि वजनही बदललं!

यात तिचं नुकसान कुठं झालं असेल, याचा आम्ही बैठकीत बराच विचार केला. आमच्यातल्या एका सत्तरीच्या काकूंनी ते नेमकं सांगितलं. त्यांच्या आईला अक्षर येत नव्हतं, पण हिशेबात कोणी तिला फसवू शकत नव्हतं. कारण रुपयाचे आणे सोळा आणि शेराचे छटाकही सोळाच. रुपयाला शेर तेल असेल तर आण्याला छटाक. बारा आण्याला शेर असेल तर पावशेर तीन आण्याला. अर्ध्याचं अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं, असं करत बोटांच्या पेरांवर सगळा हिशेब सुटायचा. दहाची आणि शंभराची मापं आली तेव्हा शाळेत गेलेल्याला सोपं झालं, रुपयाला किलो म्हणजे पैशाला दहा ग्रॅम. पण जिला शाळाच माहीत नव्हती, तिच्या हातातली हिशेबाची किल्ली त्या दिवशी गेली.

तरी बायांनी ती पुरती सोडली नाही बरं का. किलो आला, पण आपण पाव किलो, अर्धा किलो म्हणतोच. अर्ध्याचं अर्धं करायची ती सवय तशीच राहिली. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता, पाव किलो अडीचशे ग्रॅमचा. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो त्याहून ६७ ग्रॅम मोठा. फरक लहान दिसतो म्हणून लोक शेरालाच किलो म्हणायला लागले आणि किलोला शेर.

आणि इथंच ती जुनी चूक नव्या घरात शिरली. नव्या कायद्यानं खरं तर मोठं काम केलं होतं. वजनाचं नाव वेगळं ठेवलं, किलो. मापाचं नाव वेगळं ठेवलं, लिटर. शेर या एका नावाखाली जो घोळ लपायचा तो संपायला पाहिजे होता. पण आपण बोलताना दोघांना पुन्हा एक करून टाकलं. “एक किलो तेल द्या,” म्हणून आपण लिटरची पिशवी घेऊन घरी येतो.

त्या वेळी तेल बहुतेक सुटं मिळायचं. बाटली घेऊन जायचं, दुकानदार लांब दांड्याच्या मापानं पिप्यातून काढून द्यायचा. आपल्याकडं जवस, तीळ, करडई, भुईमूग, सरकी यांचं तेल. आता सोयाबीनचं जास्त. सुटं तेल बंद व्हायला कारण झालं दिल्लीचं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. लोकांच्या अंगावर सूज आली, दम लागायला लागला, आणि ६० हून जास्त माणसं दगावली. त्यानंतर सप्टेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला की खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकायचं. तेल पिशवीत आलं ते असं, माणसांचे जीव गेल्यावर.

पिशवी आली तसं माप दुकानदाराच्या हातातून गेलं आणि छपाईत आलं. बंद पाकिटावर आत किती माल आहे ते छापायचं, हा नियम तर १९७७ पासूनच आहे. आता २००९ चा वैधमापनाचा कायदा आणि २०११ चे पाकिटांचे नियम चालतात. नियम असा की तेल वजनात लिहा की मापात लिहा, पण मापात लिहिलं तर त्याचं वजनही लिहिलंच पाहिजे. मावशींच्या पिप्यावरची ती बारीक अक्षरं या नियमामुळं होती. ती नसती तर आमच्या हातात पुरावाच नव्हता.

पण पळवाट काढणारे कुठं नसतात? तेल तापलं की पसरतं, हे आपण कढईत बघतो. तेवढंच तेल, पण गरम असताना जागा जास्त घेतं. मग काही जणांनी पाकिटावर लिटरच्या पुढं तापमान छापायला सुरुवात केली, कोणी तर साठ अंश सेल्सिअस! आपल्याकडं भर मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला तरी जीव नकोसा होतो. साठ अंशावर कोणाच्या घरात तेल असतं? पण साठ अंशाचं लिटर म्हटलं की आत कमी तेल भरून भागतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशाला ९१९.१ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. लिटरमागं साडेसव्वीस ग्रॅम तेल निव्वळ उष्णतेच्या नावावर गायब! हे आकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये स्वतःच सांगितले आणि कंपन्यांना बजावलं की तापमान छापू नका, लिटरसोबत वजन लिहा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती.

यातून आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे. माप उन्हात फुगतं आणि थंडीत आकसतं. वजन मात्र उन्हाळ्यातही तेवढंच आणि हिवाळ्यातही तेवढंच. म्हणून तेलाच्या बाबतीत विश्वास ठेवायचा तो ग्रॅमवर.

आणखी एक बदल अलीकडचा आहे. पूर्वी तेलाची पाकिटं ठरावीक मापाचीच काढावी लागत, अर्धा किलो, एक किलो, दोन किलो अशी. सरकारनं २०२१ मध्ये नियम बदलला आणि २०२२ मध्ये हे बंधन गेलं. आता दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या दोन पिशव्या शेजारी लटकतात, एकीत ९१० ग्रॅम आणि दुसरीत त्याहून कितीतरी कमी. हातात घेतल्यावर कळत नाही. भाव कमी दिसतो म्हणून आपण दुसरी उचलतो. त्याच बदलात एक सोयही आहे. पाकिटावर एका ग्रॅमचा, मिलीलिटरचा, किलोचा किंवा लिटरचा भाव छापायचा आहे. तो शोधून वाचा.

आता कामाचं सांगतो. हे तीन ठोकताळे पाठ करून ठेवा.

पहिला ठोकताळा, लिटरचे किलो करायचे असतील तर लिटरमागं ९० ग्रॅम कमी करा. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम. अर्धा लिटर म्हणजे ४५५ ग्रॅम. ५ लिटरचा कॅन म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम. १५ लिटरचा पिपा म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. तेलातेलात थोडा फरक पडतो, पण घरच्या हिशेबाला हे पुरतं.

दुसरा, किलोचे लिटर करायचे असतील तर किलोमागं १०० मिलीलिटर वाढवा. एक किलो तेल म्हणजे जवळपास अकराशे मिलीलिटर. १५ किलोचा पिपा म्हणजे साडेसोळा लिटर. बाजारात १५ किलोचे पिपेही असतात आणि १५ लिटरचेही. दोघांत १ किलो ३५० ग्रॅमचा फरक आहे. एखाद्या घराला ते पंधरवडाभर जातं.

तिसरा, भाव करताना दोन्हीकडचा भाव किलोत आणा. समजा एका दुकानात तेल १५० रुपये किलो आहे आणि दुसऱ्या दुकानात १४० रुपये लिटर. स्वस्त कोणतं? आपण म्हणू, १४० वालं. पण १४० रुपयांत मिळालं ९१० ग्रॅम. १४० ला ०.९१ नं भागा, किलोचा भाव निघतो जवळपास १५४ रुपये. दहा रुपये स्वस्त वाटलं ते चार रुपयांनी महाग निघालं. मोबाइलमध्ये गणकयंत्र आहेच, लेकीला सांगा, ती लगेच काढून देईल.

ज्या बाया शाळेत किंवा अंगणवाडीत स्वयंपाक करतात त्यांच्यासाठी अजून एक. सरकारी प्रमाण ग्रॅममध्ये असतं आणि हातात माप मिलीलिटरचं असतं. १०० मुलांना ५ ग्रॅमप्रमाणे ५०० ग्रॅम तेल लागतं, तर ते साडेपाचशे मिलीलिटर भरतं. अर्ध्या लिटरच्या मापानं घेतलं तर ४५५ ग्रॅमच पडतं, आणि मुलांच्या ताटातलं तेल रोज थोडं थोडं कमी होतं. कोणी खात नाही, तरी कमी होतं! म्हणून आमच्या मावशींसारखं एकदा काट्यावर तोलून घ्या आणि भांड्यावर रेघ ओढा. माल उतरवून घेताना पिप्यावरची छपाई वाचा. आणि रजिस्टरमध्ये आकड्यापुढं किलो की लिटर ते लिहिल्याशिवाय सही करू नका, अंगठाही देऊ नका.

दुकानातल्या काट्यावर सरकारी तपासणीचा शिक्का असतो, तो बघायचा आपल्याला हक्क आहे. पाकिटात छापल्यापेक्षा कमी निघालं तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात तक्रार करता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा फोन क्रमांकही आहे.

आता मावशींचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही किराणा दुकानदाराकडून काटा मागून आणला आणि शाळेच्या ओट्यावर ठेवला. ज्यांच्यासमोर मावशींना विचारलं गेलं होतं, त्या सगळ्यांना बोलावलं. भांडायला नाही, बघायला. एक लिटरचं माप घेतलं. भांड्याचं वजन वजा करून आधी पाणी तोललं. काटा हजारावर थांबला. मग त्याच मापानं तेल तोललं. काटा ९१३ वर थांबला. पुन्हा तोललं, पुन्हा तेच. पोरं भोवती गोळा झाली होती. पाचवीतली एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, “मावशी, तेल हलकं हाय!”

गुरुजींनी रजिस्टर मागवलं. महिन्याभरापूर्वीच्या त्या ‘१५’ पुढं त्यांनी स्वतःच्या हातानं ‘लिटर’ लिहिलं, कंसात ‘१३.६५ किलो’ लिहिलं आणि खाली सही केली. मग मावशींकडं वळून म्हणाले, “मावशी, पाहायला आमचीच चूक झाली.”

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रेघ ओढलेला डबा उचलला, पदरानं पुसला आणि मुलांची पंगत मांडायला गेल्या. घरून आणलेलं दीडशे ग्रॅम तेल मात्र त्यांनी परत घेतलं नाही. म्हणाल्या, “लेकराइनं खाल्लं, त्याचा काय हिशेब!”

पण बायांनो, बाकीचा हिशेब ठेवायचाच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरच्या तेलाची रिकामी पिशवी घेऊन या. त्यावरचे ग्रॅम मोठ्यानं वाचू, किलोचा भाव काढू आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी शेजारची वाचेल. एवढं केलं की कोणी पुन्हा आपल्याला विचारलं, “तेल गेलं कुठं?” तर आपल्यापाशी उत्तर तयार असेल.